पत्र्यावरचा भोवरा: साडेचार हजार वसूल झाले का?

अकोल्यात वरच्या मजल्यावर आमची पत्र्याची खोली आहे, तिथंच माझं शिवणकाम चालतं. पत्र्याखाली पीव्हीसीचं सीलिंग. मधल्या दोन-अडीच फुटांच्या पोकळीत मे महिन्यात कशी भट्टी पेटते, ते लाइट बदलायला हात घातला तेव्हा कळलं. खाली एक टनाचा एसी दिवसभर चालू, तरी मानेवरचा घाम गिऱ्हाइकाच्या ब्लाउजपीसवर पडेल म्हणून खांद्यावर टॉवेल.

म्हणून मार्चमध्ये पोकळीतली गरम हवा बाहेर ओढून काढायला पत्र्यावर आढ्याजवळ चोवीस इंची टर्बो व्हेंटिलेटर बसवला. सगळे त्याला भोवराच म्हणतात. वीज लागत नाही. वाऱ्यानं फिरतो, आणि वारा पडला तरी वर चढणारी गरम हवा त्याला हळूहळू फिरवत राहते. ॲल्युमिनियमची पाती, फिटिंगसकट साडेचार हजार.

पहिले पंधरा दिवस काडीचा फरक नाही. उलट खोली गार व्हायला जास्तच वेळ लागू लागला. दुकानदाराला फोन केला तर म्हणे, "ताई, यंदा ऊनच जास्त आहे."

चोरी पकडली सासूबाईंनी. तिन्हीसांजेला उदबत्ती फिरवताना थांबल्या. "अगं, हा धूर कुठं चाललाय?" लाइटच्या कडेच्या फटीत धूर सरळ ओढला जात होता! म्हणजे एसीची गार हवा मी पैसे मोजून पत्र्यावरून सोडत होते. भोवरा हवा ओढणार, तर ती कुठून तरी आत यायला हवी ना. खारी शिरतात म्हणून पत्र्याच्या कडेची फट आम्हीच सिमेंटनं बुजवलेली. फिटिंगवाल्यानं हे एका शब्दानं विचारलं नाही, याचाच मला राग आहे.

मग दोन्ही बाजूंची फट फोडून बारीक जाळी मारली, लाइटभोवती सिलिकॉन भरलं. आता उदबत्तीचा धूर जागच्या जागी रेंगाळतो.

फरक दुपारी एकदम जाणवेल असं समजू नका. ४५ अंशांत पत्रा तापतोच आणि त्याची झळ सीलिंगवर येतेच. भोवरा फक्त कोंडलेली हवा काढतो. खरी गंमत संध्याकाळी. आधी रात्री दहालाही सीलिंगला तळहात लावला की चटका बसायचा, आता साडेसातला कोमट. सातनंतर एसी बंद करून पंख्यावर काज-बटणं होतात. वरचं मीटर वेगळं आहे: गेल्या मे महिन्यात २८६ युनिट, यंदा २४१. लग्नसराईचं काम दोन्ही वर्षी तेवढंच.

जूनच्या पहिल्या पावसात बुडाशी गळला, पुन्हा सील करून घ्यावा लागला. आवाज नाही, पण वानरं त्याला हातानं गरगर फिरवतात.

वस्तूला चार तारे, फिटिंगला एक. दुसरा भोवरा घेणार नाही. पुढच्या उन्हाळ्याआधी पत्र्याला पांढरा रंग मारायचाय.