ओटीपी मी कोणालाच सांगितला नव्हता

मागच्या डिसेंबरात माझ्या खात्यातून बारा मिनिटांत ९५,००० रुपये गेले. खातं माझं, पैसे बाबांच्या कापसाचे.

एम.टेक. करणाऱ्या, गेट या प्रवेशपरीक्षेच्या गुणांवर शिष्यवृत्ती मिळणाऱ्या आणि ती अडकली म्हणून रोज बँकेचं ॲप उघडून बघणाऱ्या पोरापोरींसाठी हे लिहिते आहे. लालूच दाखवल्याशिवाय माणूस फसत नाही, असं मीही मानत होते. मला कोणी लॉटरी दाखवली नव्हती. माझ्या हक्काचेच पैसे दाखवले होते.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याच्या पुढे. पाच एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. सिव्हिलचं बी.ई. झाल्यावर साइटवर १५,००० ची नोकरी मिळत होती. ती सोडून स्ट्रक्चरला एम.टेक. करायचं म्हटल्यावर घरात आठ दिवस कोणी नीट बोललं नाही. गेटच्या स्कोअरवर प्रवेश मिळाला की एआयसीटीई, म्हणजे तंत्रशिक्षणाची केंद्राची परिषद, महिन्याला १२,४०० रुपये देते, दोन वर्षं, थेट खात्यात, हे बाबांना सांगितलं तेव्हा कुठे ते राजी झाले. त्याच्या बदल्यात आठवड्याला आठ-दहा तास विभागाचं काम करावं लागतं. मी दुसऱ्या वर्षाच्या मुलांची काँक्रीटची प्रॅक्टिकल घेते. दीडशे मिलिमीटरचे क्यूब भरायचे, पाण्यात ठेवायचे, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी मशीनखाली फोडून आकडा लिहायचा. बाबांना स्ट्रक्चर म्हणजे काय ते अजून नीट उमगलेलं नाही, पण १२,४०० हा आकडा त्यांनी गावात पारावर सगळ्यांना सांगून ठेवला होता.

सप्टेंबरपासून हा आकडा खात्यात पडायचा थांबला. दर महिन्याला कॉलेजने पोर्टलवर आपली हजेरी पडताळायची असते, त्यानंतर पैसे आधार जोडलेल्या खात्यात येतात. या साखळीत कुठेही अडलं तरी आपल्याला फक्त न आलेले पैसे दिसतात. ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला. मेसचं बिल थकलं. टेलिग्रामवर अशा विद्यार्थ्यांचा एक मोठा ग्रुप आहे, तिथे सगळे आपापलं रडगाणं टाकत होते. कॉलेज, शाखा, शिष्यवृत्तीचा युनिक आयडी, मोबाइल नंबर, किती महिने अडकले. मीही टाकलं. कोणी अधिकारी वाचेल, ही आशा होती. वाचलं, पण दुसऱ्यानेच.

डिसेंबरात कापूस वेचायला मजूर मिळेना म्हणून मी घरी आले होते. चौदा क्विंटल कापूस बाबांनी गावातच व्यापाऱ्याला ६,९०० ने दिला. ९६,६०० रुपये माझ्या खात्यावर घेतले, कारण बाबांच्या खात्यावर पीककर्ज थकलेलं होतं आणि पैसे पडले की बँक आधी कापून घेईल ही धास्ती. आमच्याकडे कितीतरी घरांत पिकाचे पैसे असेच पोराच्या, सुनेच्या खात्यावर ठेवतात. माझे स्वतःचे तिथे ३,१०० होते.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास मी धुऱ्यावरच्या निंबाखाली पाणी प्यायला बसले होते. शेतात नेटवर्क तिथेच येतं. फोन आला. शुद्ध, शांत मराठी. "नमस्कार मॅडम, शिष्यवृत्ती कक्षातून बोलतोय." माझं नाव, शाखा, युनिक आयडीचे शेवटचे आकडे त्याने न अडखळता सांगितले. मग विचारलं, "डिझर्टेशनचा पहिला टप्पा सबमिट झाला ना?" त्या एका प्रश्नाने माझी शंका गेली. एम.टेक.च्या दुसऱ्या वर्षाला डिसेंबरात हेच प्रबंधाचं काम चाललेलं असतं, हे बाहेरच्या माणसाला कसं माहीत असणार? आता वाटतं, ग्रुपवर महिनाभर नुसतं वाचत बसलेल्या कोणालाही ते माहीत झालं असतं.

तो म्हणाला, तुमचे ३७,२०० रुपये पाठवले होते, पण खात्याला जोडलेलं आधार निघालंय म्हणून परत आले. आज पाच वाजता यादी बंद होते, नाहीतर थेट मार्चनंतर. ३७,२०० हा तीन महिन्यांचा गुणाकार मी इतक्या वेळा केला होता की त्याच्या तोंडून तो ऐकून मला रडू यायचं बाकी होतं.

व्हॉट्सॲपवर फाइल आली. नावात योजनेचं नाव, चित्रात बोधचिन्ह, शेवटी एपीके, म्हणजे प्ले स्टोअरशिवाय ॲप टाकायची फाइल. फोनने बजावलं की हे ॲप बाहेरचं आहे, धोका असू शकतो. तो म्हणाला, "प्ले स्टोअरवर यायचंय अजून, सध्या फक्त लाभार्थ्यांना देतोय." ॲपने मेसेज वाचायची परवानगी मागितली, दिली. मेसेजसाठी यापुढे हेच ॲप ठेवायचं का, असंही विचारलं, तिथेही हो केलं. आधार, खाते क्रमांक भरला. शेवटच्या पानावर खातं तपासायला एक रुपया भरा म्हणून होतं, आणि त्यासाठी कार्डाचा नंबर, मुदत, मागचे तीन आकडे. तिथे माझं बोट थांबलं होतं, हे मला पक्कं आठवतं. एक रुपया जाऊन जाऊन काय जाणार, म्हणून भरलं. पडद्यावर गोल फिरत राहिला आणि खाली अक्षरं, पडताळणी सुरू आहे, चोवीस तास ॲप काढू नका. मी फोन ओच्यात टाकला आणि पुन्हा वेचायला गेले.

ओटीपी मी कोणालाच सांगितला नाही. त्याने मागितलाही नाही. माझ्या फोनवर आलेले ओटीपी ते ॲप परस्पर तिकडे पाठवत होतं, आणि पैसे कापल्याचे मेसेज माझ्यापर्यंत येऊच देत नव्हतं. "ओटीपी देऊ नका" एवढं पाठ असलेली माणसं स्वतःला सुरक्षित समजतात, मी त्यातलीच होते.

संध्याकाळी बँकेचं ॲप उघडलं तर शिल्लक ४,७००. कार्डावरून ४०,०००, पुन्हा ४०,०००, मग १५,०००. पहिला व्यवहार ११ वाजून ४० मिनिटांचा, शेवटचा ११ वाजून ५२ चा.

यानंतर जे केलं, ते मला पैशांपेक्षा जास्त लागतं. सायबर फसवणुकीची तक्रार घेणारा १९३० हा नंबर मला माहीत होता. तरी त्या रात्री मी तो लावला नाही. आमच्या घरात एका खोलीत बोललेलं दुसरीत ऐकू येतं. बाबा भिंतीपलीकडे खोकत होते आणि फोनवर मोठ्याने सांगावं लागणार होतं की माझ्या बापाच्या कापसाचे पैसे मी घालवले. सकाळी कॉलेजला जाते म्हणून निघावं आणि बाहेरून लावावा, असं ठरवून मी रात्रभर जागी पडून राहिले.

सकाळी बाबा अंगणात बसून उरल्यासुरल्या कापसातली पाती वेचत होते. म्हणाले, "बाई, कृषी केंद्रवाल्याचे साठ हजार टाकून दे आज. त्यानं दिवाईपासून दम धरला."

मला एकदम हुंदका फुटला. माय आतून आली, "काऊन रडून रायली वं?" मी सगळं सांगितलं. बाबांनी विचारलं, किती गेले. मी म्हटलं, पंचाण्णव. ते बराच वेळ हातातल्या बोंडाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "पैले फोन लाव. मंग रडू."

१९३० वर बाईंनी वेळ, रक्कम, बँक आणि व्यवहार क्रमांक विचारले आणि तक्रार क्रमांक दिला. मग दारव्ह्याला बँकेत जाऊन कार्ड बंद केलं, अर्ज दिला, तिथून पोलीस ठाणं. पंधरा हजार एका वॉलेटमध्ये पडून होते, तेवढे गोठवता आले. ऐंशी हजार रात्रीतून पुढच्या खात्यांत निघून गेले होते. ठाण्यातल्या साहेबांनी एवढंच विचारलं, "काल संध्याकाळीच का नाही लावला?" गोठवलेल्या पैशांसाठी अजून फेऱ्या चालू आहेत.

बँकेत मी रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमावर बोट ठेवलं, तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर बोजा नाही म्हणून. तो नियम आहे, पण चूक ग्राहकाचीही नाही आणि बँकेचीही नाही अशा वेळी. कार्डाची माहिती मी माझ्या हाताने भरली होती. तरी लेखी तक्रार देऊन पोच घेतली आहे. बँकेने तीस दिवसांत समाधानकारक उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

खात्याला आधार जोडलेलं आहे की नाही हे आधारच्याच 'माय आधार' या संकेतस्थळावर दोन मिनिटांत दिसतं, त्यासाठी कोणाचं ॲप लागत नाही. शिष्यवृत्तीचं काम बघणारे सर माझ्या लॅबच्या खालच्याच मजल्यावर बसतात. मी त्यांना एक फोन करायला हवा होता, पण तीन महिने विचारून विचारून त्यांना तोंड दाखवायचा संकोच वाटत होता, आणि पलीकडचा माणूस नेमका तोच संकोच वापरत होता. शिष्यवृत्तीच्या खात्यात घरचे पैसे ठेवू नका, कितीही अडचण असो. अशी फाइल चुकून टाकलीच असेल तर आधी त्या फोनचं नेट बंद करा आणि १९३० व बँकेला दुसऱ्याच्या फोनवरून लावा. तुमचा फोन तेव्हा तुमच्या हातात असला तरी तुमचा नसतो. आणि घरी लगेच सांगा. बाप काय म्हणेल या भीतीने मी एक पूर्ण रात्र घालवली, आणि बाप एवढंच म्हणाला की पैले फोन लाव.

जानेवारीत शिष्यवृत्ती आली. तिन्ही महिन्यांची एकदम, ३७,२००. ना कोणाचा फोन, ना फाइल, नुसता बँकेचा मेसेज. ती तशीच कृषी केंद्रावर दिली, बाकीचं पुढच्या कापसावर.

काल रात्री त्याच ग्रुपवर एका मुलाने आपली शाखा, युनिक आयडी आणि मोबाइल नंबर टाकलेला दिसला, दोन महिने पैसे आले नाहीत म्हणून. काढून टाक असं मी त्याला लगेच लिहिलं. अजून त्याने वाचलेलं नाही.