पिशवीचा गोबरगॅस १४ महिने वापरला, त्याचा हिशेब

गेल्या वर्षी फेब्रुवारीत आम्ही पिशवीचा गोबरगॅस घेतला, २ घनमीटरचा, म्हणजे दिवसाला एवढा गॅस देणारा. तो जाड काळा फुगा असतो ना, खड्ड्यात टाकायचा, एका तोंडानं शेणकाला आत, दुसऱ्यानं स्लरी बाहेर, वरच्या नळीनं गॅस. गाव पलूस तालुक्यात, गोठ्यात तीन म्हशी आणि एक रेडी. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण शिव्या पण देणार आहे आणि कौतुक पण.

पहिलं भरणं कुणी नीट सांगत नाही म्हणून सांगतो. रोजचं ५० किलो शेण आणि तेवढंच पाणी, ते आत साधारण ४० दिवस राहायला पाहिजे, म्हणजे पोटात ४,००० लिटर काला मावतो. ही पिशवी सुरुवातीलाच भरायची म्हणजे दोन टन शेण! आमच्या म्हशी एवढं महिन्या-दीड महिन्यात देतील. मग काय, गल्लीत घरोघरी घमेलं घेऊन फिरलो, आप्पा म्हणाले लग्नाची वर्गणी काढल्यासारखं दिसतंय. भरल्यावर पिशवी फुगली म्हणून लगेच काडी लावायला जाऊ नका, सुरुवातीचा गॅस सोडून द्यायचा, त्यात कार्बन डायऑक्साईडच जास्त असतो, जळत नाही, आणि नळीत हवा अडकलेली असली तर भडका व्हायची भीती. आमची पहिली निळी ज्योत २३ व्या दिवशी पेटली, आईनं हळदकुंकू लावून चहा ठेवला.

उन्हाळ्यात एकदम भारी चालला. एक शेगडी सकाळ-संध्याकाळ मिळून तीन-साडेतीन तास, पाच माणसांचा स्वयंपाक होऊन वर आंघोळीचं पाणी, सिलिंडर फक्त भाकरीला घाई असली तरच. शेगडी मात्र त्यांचीच लागते, घरातली सिलिंडरची लावली तर नीट पेटत नाही, या गॅसचं प्रेशर कमी असतं आणि त्यात जळणारा वायू, म्हणजे मिथेन, ५०-६० टक्केच, त्यामुळं जेटचं भोक मोठं लागतं.

आता मेन भानगड. कंपनीच्या पत्रकावर मोठ्या अक्षरात छापलंय, किचन वेस्ट चालतं, मेंटेनन्स झिरो. मे महिन्यात चुलत बहिणीचं लग्न झालं, भात आणि बुंदी एवढी उरली की टाकायचं कुठं हा प्रश्न. आप्पांनी दोन बादल्या पिशवीत ओतल्या, एक बादली म्हशीच्या दावणीत. आणि स्वतः पण दोन दिवस तीच बुंदी खात बसले. तिसऱ्या दिवशी म्हशीनं रवंथ बंद केलं, शेण पातळ, आंबूस वास, शेगडीची ज्योत फुरफुरून विझायला लागली, आणि आप्पा इनोच्या पुड्या शोधत होते. घरातली तीन पोटं एकाच जेवणानं बिघडली.

जनावरांचे डॉक्टर आले, म्हशीला सोडा पाजला, सलाईन लावलं, आणि हात धुताना त्यांनी जे सांगितलं ते मला कंपनीनं सांगायला पाहिजे होतं. म्हशीच्या चार पोटांतलं पहिलं मोठं पोट म्हणजे जिवाणूंची टाकीच. कडबा खाल्ला की तास न् तास रवंथ, रवंथाबरोबर दिवसाला शंभरेक लिटर लाळ आत जाते आणि त्या लाळेतच सोडा असतो, तो आंबटपणा मारतो. भाताला रवंथ लागत नाही, लाळ कमी सुटते, आणि भाताचं झटक्यात आम्ल होतं. पोट आंबलं की कडबा पचवणारे जिवाणू मरायला लागतात. माणसाचं गणित उलटं, आपल्या जठरात आधीच आम्ल असतं, पण कडबा आपल्याला पचत नाही.

मी म्हटलं डॉक्टर, आमची पिशवी पण आंबलीय वाटतं. ते हसले, म्हणाले तिला तर लाळ पण नाही, तिचं काय होणार. नंतर वाचून काढलं तर खरंच तसंच आहे. आधी एक जातीचे जिवाणू अन्न फोडून आम्ल करतात, मग दुसरे त्याचा मिथेन करतात. आम्ल करणारे काही तासांत दुप्पट होतात, मिथेनवाल्यांना कित्येक दिवस लागतात. शेण रोज सारखं येतं, आणि म्हशीच्या पोटातून पचून आलेलं असतं म्हणून सावकाश फुटतं, त्यामुळं दोघांची जोडी जमते. दोन बादल्या भात-बुंदी एकदम गेली की आम्लाचा ढीग आणि मिथेनवाले मागं पडले. केमिकलच्या दुकानातून पीएच पट्टी आणली, ६ च्या खाली, आणि पाहिजे ७ च्या आसपास.

कंपनीला फोन केला तर पहिला प्रश्न, आत काय टाकलं? म्हटलं तुमच्याच पत्रकातलं. माणूस पाठवतो म्हणाले, तो अजून यायचाय. शेवटी आपणच केलं, आठ दिवस काही घातलं नाही, चुन्याची निवळी थोडी थोडी ओतली, आणि शेजारच्या काकांचा जुना दीनबंधू घुमट (पक्क्या बांधकामाचा गोबरगॅस) चालू आहे, त्यातली स्लरी चार बादल्या विरजणासारखी टाकली. तीन आठवड्यांनी ज्योत परत आली. म्हैस आठवड्यात उठली होती, आप्पा तर एका दिवसात.

आता किचन वेस्ट घालतो पण रोज एक छोटी पाटी, बारीक करून, शेणाबरोबरच. कंपनीवाले संडासाची लाईन पण जोडा म्हणत होते, आई म्हणाली मग नैवेद्य काय त्याच्यावर करू? तिचं सोडा, पण हिशेबानं पण पाच माणसांचं मिळून एका म्हशीच्या पाव वाट्याएवढाच गॅस होतो, आणि फिनेल आत गेलं तर जिवाणूंचा बाजार उठतो. नाही जोडली.

थंडीत डिसेंबर-जानेवारीला गॅस निम्म्यावर येतो, हे पण पत्रकात नाही. दुपारी उन्हात ठेवलेल्या पाण्यात शेण कालवलं, पिशवीवर कडब्याचं पांघरूण टाकलं की थोडा फरक पडतो. नळीत पाणी साचतं ते आठवड्याला काढावं लागतं. उंदरांसाठी जाळी लावा. भिलवडीच्या पाहुण्यांनी विचारलं तेव्हा मात्र मी नको म्हणालो, त्यांच्या गोठ्यात २०१९ आणि २०२१ दोन्ही वेळा कृष्णामाई येऊन गेली, पिशवी पुरात तरंगत पार कुठं जाईल सांगता येत नाही.

स्लरीबद्दल तक्रार नाही, हळदीला दिली, माशा नाहीत, वास नाही, युरियाचं एक पोतं कमी घेतलं.

पिशवीला चार स्टार, सर्व्हिसला एक. घेणार असाल तर जेट साफ करायची पिन पैसे देतानाच मागून घ्या, डब्यात येत नाही आणि नंतर फोन उचलत नाहीत.