पीस लिली की अँथुरियम? आधी खिडकी पाहावी

रोपवाटिकेत पांढऱ्या फुलांची पीस लिली आणि लाल, चकचकीत फुलांचे अँथुरियम बहुधा एकाच हिरव्या जाळीखाली शेजारी शेजारी ठेवलेले असते, त्यामुळे दोघांची निगाही सारखीच असावी असा समज होतो. नाते जवळचे आहेच. दोन्ही झाडे मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतली आणि आपल्या अळू-सुरणाच्या कुलातली आहेत. ज्याला आपण फूल म्हणतो ते दोन्हींत महाछद, म्हणजे रूप पालटलेले पान असते आणि खरी, बारीक फुले मधल्या कणसावर दाटलेली असतात. घरात आल्यावर मात्र दोघांच्या मागण्या वेगळ्या होतात.

निवड फुलाच्या रंगावरून न करता खिडकीवरून करावी, असे माझे मत आहे. दिवसा दिवा न लावता वर्तमानपत्र वाचता येईल एवढ्या उजेडात पीस लिली पानांनी भरलेली राहते, फुले मात्र तिथे क्वचितच येतात. ती हवी असतील तर कुंडी खिडकीजवळ न्यावी लागते. अँथुरियमला विरळ पडद्यातून गाळून येणारा भरपूर उजेड रोज मिळाला नाही, तर त्याचे देठ लांबत जातात आणि फुलणे थांबते. दुपारचे थेट ऊन दोघांचीही पाने भाजते.

पाण्याच्या बाबतीत नवख्या माणसाला पीस लिली सोयीची पडते. तहान लागली की तिची सगळी पाने खाली लोळतात आणि पाणी मिळाल्यावर काही तासांत पुन्हा उभी राहतात. पण माती ओली असूनही पाने लोळलेली असतील, तर मुळे कुजू लागली असावीत अशी शंका घ्यावी आणि पाणी घालण्याऐवजी रोप उपसून मुळे पाहावीत. अँथुरियमची जाड पाने अशी तक्रार लवकर करत नाहीत. त्याच्या मांसल मुळांना हवा खेळती लागते, म्हणून नुसत्या बागेतल्या मातीत ते टिकत नाही. नारळाच्या सोडणाचे तुकडे, लोणारी कोळसा आणि विटांचे बारीक तुकडे यांचे मिश्रण त्याला मानवते. पीस लिलीला माती, कोकोपीट आणि गांडूळखत पुरते, मात्र बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने तिच्या पानांची टोके तपकिरी होतात, तेव्हा जमल्यास पावसाचे पाणी साठवून वापरावे.

कोकणातल्या दमट हवेत दोन्ही झाडे खूश असतात. विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात अँथुरियम अधिक लवकर कोमेजते. कूलर असलेल्या खोलीत दोघांनाही बरे वाटते, फक्त त्याचा झोत पानांवर नसावा.

फुलांचा टिकाऊपणा पाहिला तर अँथुरियम सरस ठरते. त्याचे एकेक फूल झाडावर सहा ते आठ आठवडे राहू शकते, तर पीस लिलीचे पांढरे फूल त्याआधीच हिरवट होऊ लागते. शिवाय विक्रीच्या पीस लिलीला अनेकदा जिबरेलिक आम्ल हे वनस्पतींचे संप्रेरक फवारून फुलवलेले असते, त्यामुळे पहिला बहर ओसरल्यावर घरी दुसरा यायला बराच काळ लागला, तर तो आपल्या निगेचा दोष मानू नये.

हवा शुद्ध करण्याचा मुद्दा या निवडीत धरूच नये. घरातली झाडे हवा शुद्ध करतात हा दावा ज्यांच्या आधारे केला जातो, ते नासाचे 1989 चे प्रयोग लहान बंद पेट्यांमध्ये झाले होते. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यानुसार, इमारतीत बाहेरून येणाऱ्या हवेइतका परिणाम साधायला दर चौरस मीटरला 10 ते 1000 कुंड्या लागतील, आणि तेवढ्या ठेवल्यास माणसाने बसायचे कुठे?

रांगते मूल किंवा पाने कुरतडणारे मांजर घरात असेल, तर दोन्ही कुंड्या उंचावर ठेवाव्यात. चिंच न घातलेल्या अळूने घसा का खवखवतो हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना कारण सांगायला नको: कॅल्शियम ऑक्झलेटचे तेच सुईसारखे स्फटिक या दोन्ही झाडांत असतात. पीस लिली खरी लिली नसल्यामुळे खऱ्या लिलीसारखा मांजराच्या मूत्रपिंडांना जीवघेणा धोका तिच्यापासून नसतो, पण तोंडाची आग आणि लाळ गळणे मात्र चुकत नाही.