गाडीच्या चावीचा सेल संपला होता. मी दहा हजार रुपये आणि जुनी चावी देऊन बसले

जुलैमधली गोष्ट. आईचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा असतं, पिंपरीतल्या एका हॉस्पिटलात. चार तास ती आत, मी बाहेर. त्या दिवशी सव्वाचारला तिला व्हीलचेअरवरून खाली आणलं, वॉर्डबॉय दादांना पोर्चमध्ये थांबायला सांगितलं आणि मी गाडी आणायला गेले. पाऊस धो धो. चावीचं बटण दाबलं, गाडी गप्प. हँडलवरचं छोटं काळं बटण दाबलं, तरी गप्प. डायलिसिसनंतर आईला बसवत नाही, अंगात थंडी भरते. तिला परत आत नेऊन बसवलं आणि मोबाइलवर ‘जवळचा कार चावीवाला’ शोधून पहिल्याच नंबरवर फोन लावला.

पस्तीसेक वर्षांचा माणूस अर्ध्या तासात स्कूटरवरून आला. बोलायला इतका आदबशीर की शंका यायला जागाच नाही. “ताई, टेन्शन घेऊ नका, आईंना घेऊन अर्ध्या तासात घरी पोचाल.” त्यानं माझी चावी हातात घेतली, कडेची बारीक खिट्टी अंगठ्यानं सरकवली आणि चावीच्या पोटातून एक लोखंडी किल्ली बाहेर ओढली. पाच वर्षं ती चावी माझ्या पर्समध्ये होती. तिच्यात किल्ली आहे हे मला त्या दिवशी कळलं. ड्रायव्हरच्या हँडलवरचं झाकण काढून त्यानं कुलूप उघडलं, आणि सायरन कोकलायला लागला.

“बघा, सिस्टीम ब्लॉक झालीय,” तो म्हणाला. मग आत बसून त्यानं तीच ‘मेलेली’ चावी स्टार्टच्या बटणाला टेकवून बटण दाबलं. इंजिन सुरू झालं, सायरन थांबला. “हे तात्पुरतं बायपास केलंय. रिमोटचा बोर्ड गेला, प्रोग्रॅमिंग उडालंय. रस्त्यात बंद पडली तर टो करावी लागेल.” एवढं ऐकल्यावर माझ्या डोळ्यांपुढे हायवेच्या कडेला गाडीत बसलेली आई आली. त्यानं चौदा हजार सांगितले, दहावर आला. दीड हजार गाडी उघडण्याचे, साडेआठ हजार नव्या चावीचे.

त्यानं स्टिअरिंगखालच्या सॉकेटला एक यंत्र जोडलं. “पंधरा मिनिटं लागतील, तुम्ही आईंजवळ बसा.” मी गेले. गाडी चालू, चावी त्याच्याकडे, यंत्र जोडलेलं, आणि मी तिथे नाही. पैशांचं दुःख आता मागे पडलंय, त्या पंधरा मिनिटांचं नाही.

परत आले तर नवी चावी झकास चालत होती. जुनी मागितली तेव्हा म्हणाला, “ती डेड आहे ताई, स्क्रॅपमध्ये टाकतो.” मी बरं म्हटलं. यूपीआयनं पैसे दिले. बिल मागायचं सुचलंही नाही.

सप्टेंबरात घरच्या कपाटातली दुसरी मूळ चावी काढली, तर तीही चालेना. मामेभाऊ आला होता. त्यानं तीच खिट्टी सरकवली, किल्ली काढली, किल्लीच्या खाचेत नखानं जोर देऊन चावीची दोन झाकणं वेगळी केली. आत दोन रुपयांच्या नाण्यापेक्षा लहान, चपटा सेल. त्यावर कोरलेलं: सीआर २०३२. कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडून नवा आणला, अधिक खूण जुन्या सेलसारखीच ठेवून बसवला, झाकण दाबलं. पन्नास रुपयांत आणि दहा मिनिटांत चावी चालू. मी तिथेच खुर्चीत बसले. जुलैतल्या चावीलाही नेमकं हेच झालं होतं. आठवडाभर आधीपासून दोन-तीनदा बटण दाबावं लागत होतं, जवळ जाऊन दाबावं लागत होतं, डॅशबोर्डवर चावीचं पिवळं चित्रही येऊन जायचं. सेल संपत आल्याचीच ती लक्षणं होती. मी त्यांच्याकडे पाहिलंच नव्हतं.

आणि तो बायपास? बायपास वगैरे काही नव्हतं. चावीत दोन वेगळ्या गोष्टी असतात. दार उघडणाऱ्या रेडिओला सेल लागतो. इंजिनला ओळख पटवणाऱ्या चिपला लागत नाही. चावी अगदी जवळ नेली की गाडीतल्या कॉइलमधून तिला लागेल तेवढी वीज मिळते. म्हणून बटणाच्या गाड्यांमध्ये सेल संपला तरी चावी स्टार्टच्या बटणाला टेकवून गाडी सुरू करता येते. काही मॉडेलमध्ये त्यासाठी वेगळी खाच किंवा कप्पा असतो. मॅन्युअलमध्ये ते दिलेलं असतं. फिरवायच्या चावीची गाडी असेल तर प्रश्नच नाही, किल्ली घालून ती नेहमीसारखी सुरू होते. लोखंडी किल्लीनं दार उघडल्यावर सायरन वाजणं हेही बऱ्याच गाड्यांत ठरलेलंच असतं. गाडी सुरू केली की तो थांबतो. मला बिघाड म्हणून दाखवलेली प्रत्येक गोष्ट गाडीचं नीट काम होती.

त्या महिन्यातच सर्व्हिसिंग होतं. सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाला सगळं सांगितलं. त्यानं त्यांचं यंत्र जोडलं आणि विचारलं, “मॅडम, तुमच्याकडे चाव्या किती?” दोन म्हटलं. “गाडीत तीन नोंदलेल्या आहेत.” माझी जुनी चावी त्या माणसानं गाडीच्या मेमरीतून काढलीच नव्हती. नवा सेल घातला की ती माझं दारही उघडणार होती आणि गाडीही सुरू करणार होती. दोन महिने मी ती गाडी रात्री सोसायटीबाहेर रस्त्यावर लावत होते. पैसे देताना मीच त्याला म्हटलं होतं, “दादा, मंगळवारी-शुक्रवारी आम्ही इथेच असतो, काही झालं तर फोन करीन.” ते वाक्य आठवलं की अजून पोटात खड्डा पडतो.

नवी चावी उघडली तेव्हा तिच्या पोटातली किल्ली सपाट निघाली. दातेच कापलेले नव्हते. म्हणजे तिचा सेल संपला असता तर मी दारही उघडू शकले नसते.

त्या मुलानं मेमरीतल्या सगळ्या चाव्या पुसल्या आणि माझ्या हातातल्या दोनच पुन्हा नोंदवल्या. मी पोलीस चौकीत अर्ज दिला आणि पोच घेतली. हवालदार काकांनी नीट ऐकून घेतलं, पण दुकान नाही, बिल नाही, यूपीआयवर नुसतं आडनाव आणि फोन बंद. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला. त्यांनीही पहिला प्रश्न बिलाचा विचारला. चौकीतल्या त्या पोचेची एक प्रत विम्याच्या फाइलला लावलीय, कारण गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी मूळ दोन्ही चाव्या मागते आणि माझ्याकडे आता एकच मूळ आहे.

तुमच्यावर ही वेळ आली तर सगळ्यात आधी दुसरी चावी लावून बघा. ती चालली तर दोष पहिल्या चावीत, आणि तो बहुतेक वेळा सेलचाच असतो. दोन्ही चालत नसतील तर गाडीची मोठी बॅटरी उतरली असेल. किल्लीनं दार उघडल्यावर आतला दिवा मंद आहे का, पेटतच नाही का, ते पाहा. सेल बदलताना नंबर तोच घ्या. २०२५ आणि २०३२ गोलाईला सारखेच असतात, पण पहिला अडीच मिलिमीटर जाड आणि दुसरा ३.२, त्यामुळे पातळ सेल आत सैल बसतो आणि चावी कधी चालते, कधी नाही. नव्या सेलनंही काही झालं नाही तर आतल्या पितळी पट्ट्यांवर हिरवट थर आलाय का बघा. पावसाळ्यात भिजलेल्या चाव्यांना तो येतो, आणि मोबाइलवाल्याकडच्या क्लीनिंग अल्कोहोलनं निघतो. जुना सेल लगेच टाकून द्या, लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. गिळला तर काही तासांत अन्ननलिका जाळतो.

आणि चावीवाला बोलवावाच लागला, तर यंत्र जोडलेलं असताना गाडीपासून हलू नका. जुनी चावी, तुटलेली असली तरी, परत घ्या. काम झाल्यावर यंत्राच्या पडद्यावर नोंदलेल्या चाव्यांचा आकडा स्वतः वाचा, आणि नव्या चावीतल्या किल्लीनं दार एकदा उघडून बघा. चावी करणारी प्रामाणिक माणसं भरपूर आहेत. यातल्या एकाही गोष्टीला त्यांची ना नसते.

माझं अजून एक काम बाकी आहे. मेमरी पुसल्यानं त्याच्याकडच्या चावीनं गाडी सुरू होणार नाही, पण तिच्या पोटातल्या लोखंडी किल्लीचे दाते माझ्याच दाराचे आहेत. ड्रायव्हरच्या दाराचं कुलूप बदलायला टाकलंय, पार्ट यायला तीन आठवडे लागतील म्हणाले. तोवर गाडीत आरसी बुक, आईच्या फाइल्स, काहीच ठेवत नाही. डायलिसिसच्या दिवशी सगळं पिशवीत भरून वर नेते.