ग्वावा की जेडीके: कलेक्शनच्या हेल्पर मेथड्स निवडताना

सप्टेंबर २०१७ मध्ये जावा ९ आलं, तेव्हापासून नवा प्रोजेक्ट उभा करताना "आता ग्वावा कशाला हवी?" हा प्रश्न कोणीतरी विचारतंच. ग्वावा ही गूगलची जावासाठीची लायब्ररी, आणि जेडीके म्हणजे जावासोबतच येणारा संच. प्रश्न रास्त आहे. जेडीकेत ९ मध्ये लिस्ट.ऑफ, सेट.ऑफ आणि मॅप.ऑफ आले, १० मध्ये कॉपीऑफ, १६ मध्ये थेट स्ट्रीमवरचं टूलिस्ट, २१ मध्ये गेटफर्स्ट, गेटलास्ट, रिव्हर्स्ड. दोन्हींशी तुमची तोंडओळख आहे असं धरून, जिथे प्रत्यक्षात फरक पडतो तेवढंच लिहितो.

गटवारी आणि रूपांतर यांसाठी ग्वावाची फारशी गरज उरलेली नाही. स्ट्रीमचं ग्रुपिंगबाय सगळ्यांना वाचता येतं. ग्वावाची लिस्ट्स.ट्रान्सफॉर्म तर नव्या कोडमध्ये नकोच, असं माझं मत आहे. ती नवी यादी बनवत नाही, मूळ यादीवरचा व्ह्यू (तिच्यातच डोकावणारी खिडकी) देते, त्यामुळे प्रत्येक गेटला फंक्शन पुन्हा चालतं. त्या फंक्शनमध्ये डेटाबेसची क्वेरी असेल, तर यादी दोनदा फिरवली की क्वेरीही दुप्पट. अर्थात स्ट्रीमकडेही खाचखळगे आहेत. कलेक्टर्स.टूमॅपला एखादी व्हॅल्यू नल (म्हणजे मूल्यच नाही अशी) मिळाली की नलपॉइंटर एक्सेप्शन येतं, आतला मॅप हॅशमॅप असला तरीही. हॅशमॅपला नल चालतो हे पक्कं ठाऊक असलेले लोकच इथे जास्त चकतात. अशा जागी साधा फॉर लूप आणि पुट बरा.

मोठ्या यादीचे तुकडे पाडायला लिस्ट्स.पार्टिशन अजूनही सोयीची आहे. ओरॅकल डेटाबेसच्या जुन्या आवृत्त्यांत क्वेरीतल्या आयएनच्या कंसात १००० पेक्षा जास्त मूल्यं दिली की ओआरए-०१७९५ ही एरर येते. तिथे १००० चे तुकडे आणि एक लूप, काम झालं. फक्त हे तुकडेसुद्धा व्ह्यूच असतात. ते दुसऱ्या थ्रेडकडे सोपवून इकडे मूळ यादी क्लिअर केली, तर तिकडे कॉन्करंटमॉडिफिकेशन एक्सेप्शन येऊ शकतं. म्हणून सोपवण्याआधी कॉपीऑफ करून घ्यावं. मार्च २०२५ च्या जावा २४ पासून गॅदरर्समधलं विंडोफिक्स्ड हेच काम करतं आणि स्वतंत्र याद्या देतं, त्यामुळे तिथवर पोचलेल्यांना हा मुद्दा लागू नाही.

माझं पारडं ग्वावाकडे झुकलं ते एका किरकोळ वाटणाऱ्या त्रासामुळे. लिस्ट.ऑफमध्ये नल ठेवता येत नाही, हे योग्यच. पण "यात नल आहे का?" असं नुसतं विचारलं तरी ती नलपॉइंटर एक्सेप्शन फेकते. लिस्टवरचं कंटेन्स आणि इंडेक्सऑफ, सेटवरचं कंटेन्स, मॅपवरचं गेट आणि कंटेन्सकी, सगळीकडे तीच तऱ्हा. ग्वावाच्या इम्युटेबललिस्ट, इम्युटेबलसेट आणि इम्युटेबलमॅपमध्येही नल ठेवता येत नाही, पण विचारलं तर त्या "नाही" असं सरळ उत्तर देतात.

याचा फटका कसा बसतो ते पाहा. क्लासच्या वरच्या भागात ऑर्डरच्या चालू स्थितींची एक स्टॅटिक यादी आहे, अरेज.अ‍ॅजलिस्टनं बनवलेली. खाली इफमध्ये त्या यादीचं कंटेन्स, आणि कंसात ऑर्डरचा गेटस्टेटस. स्टेटस नल असला तर उत्तर फॉल्स, काम पुढे चालू. साफसफाई करताना कोणीतरी अरेज.अ‍ॅजलिस्टच्या जागी लिस्ट.ऑफ लिहितं. कंपाइल होतं. टेस्टही पास होतात, कारण टेस्ट डेटामधल्या प्रत्येक ऑर्डरला स्टेटस भरलेला असतो. मग प्रॉडक्शनमध्ये रिकाम्या कॉलमची एखादी जुनी रो येते आणि अख्खी बॅच आडवी होते. स्टॅकट्रेसच्या वरच्या ओळींत इम्युटेबलकलेक्शन्स दिसलं, की आधी हेच तपासावं.

यावर कोणी म्हणेल की नल तिथवर पोचायलाच नको. तत्त्वतः मान्य. पण मग जेडीकेनं सगळीकडे तोच नियम पाळायला हवा होता. १६ मधलं टूलिस्ट नल ठेवूनही घेतं आणि कंटेन्सला मुकाट उत्तरही देतं. दोन्हींचा टाइप नुसता लिस्ट. आत काय आहे ते सिग्नेचर सांगत नाही. मेथडचा रिटर्न टाइप इम्युटेबललिस्ट असेल, तर यादी बदलणार नाही, तिच्यात नल नाही आणि काही विचारल्यावर ती फुटणार नाही, हे वाचणाऱ्याला तिथल्या तिथे कळतं. शिवाय तिच्यावर अ‍ॅड लिहिलं तर आयडीई लगेच त्यावर काट मारून दाखवतो.

क्रमाचंही तसंच. सेट.ऑफ आणि मॅप.ऑफ यांचा फिरण्याचा क्रम जेव्हीएम (जावा प्रोग्राम चालवणारी यंत्रणा) नव्यानं सुरू झाली की बदलू शकतो, आणि ते मुद्दाम केलेलं आहे. त्यातून सीएसव्हीचे कॉलम काढले, तर एकाच्या लॅपटॉपवर पास होणारी टेस्ट बिल्ड सर्व्हरवर पडते. ग्वावा टाकलेला क्रम राखते. आणखी एक: सेट.ऑफमध्ये तेच मूल्य दोनदा लिहिलं की इलीगलआर्ग्युमेंट एक्सेप्शन, आणि फील्ड स्टॅटिक असेल तर अख्खा क्लासच उभा राहत नाही. ग्वावा दुसरं मूल्य गुपचूप सोडून देते. इथे जेडीकेची शिस्त कोणाला जास्त आवडली, तर मी वाद घालणार नाही.

ग्वावाची खरी किंमत आहे ती आवृत्त्यांच्या भांडणात. जार सुमारे ३ एमबीची, तो भार सर्व्हरवर जाणवत नाही. पण तुमच्या दोन डिपेंडन्सींना (म्हणजे वापरलेल्या लायब्ररींना) वेगवेगळी ग्वावा हवी असली, तर मेव्हन हे बिल्ड टूल डिपेंडन्सींच्या झाडात सगळ्यात जवळची उचलतं, आणि ती जुनी निघाली की रनटाइमला नोसचमेथड एरर येते. डिपेंडन्सी-ट्री काढून पाहावं आणि डिपेंडन्सीमॅनेजमेंटमध्ये नवी आवृत्ती पक्की करावी. बीटा शिक्का नसलेल्या मेथड्स आता काढल्या जात नाहीत, त्यामुळे नवी घेणं बहुधा सुखरूप असतं.

म्हणूनच इतरांना वापरायला देण्याची लायब्ररी लिहीत असाल, तर ग्वावाचे टाइप पब्लिक मेथडमध्ये आणू नका आणि जेडीकेवरच भागवा. स्वतःचं अ‍ॅप्लिकेशन असेल, विशेषतः जुन्या डेटाबेसवर चालणारं, तर स्थिर याद्या आणि रिटर्न टाइप यांसाठी मी ग्वावाच घेईन, बाकी कामाला स्ट्रीम. ग्वावा आणायची परवानगीच नसेल, तर लिंक्डहॅशसेट भरून तो कलेक्शन्स.अनमॉडिफायेबलसेटमध्ये गुंडाळावा: क्रम राहतो आणि कंटेन्सला नल दिला तरी फॉल्स मिळतं. आणि ऑर्डरच्या स्थिती एनममध्ये (ठरावीक मूल्यांच्या टाइपमध्ये) असतील, तर आत लिंक्डहॅशसेटऐवजी एनमसेट.ऑफ घ्या. त्यालाही नलबद्दल विचारलेलं चालतं.