सिग्नेचर ट्यूब ॲम्प, आठ महिने वापरून झाल्यावर

सिग्नेचर म्हणजे एखाद्या नावाजलेल्या गिटारिस्टच्या नावाने निघालेला, आणि ट्यूब म्हणजे काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा, असा गिटारचा ॲम्प. घेतला त्याच्या दुसऱ्याच दिवशी रिव्ह्यू लिहायला बसलो होतो. अर्धा लिहूनही झाला होता आणि बरं झालं टाकला नाही, कारण आता तो काढून वाचला तर अर्ध्या ओळी त्या गिटारिस्टबद्दल आहेत ज्याची सही पॅनलवर आहे, आणि उरलेल्या ॲम्पच्या दिसण्याबद्दल. आवाजाबद्दल एकच ओळ आहे, "काय आवाज आहे राव". बस.

कोणता ॲम्प ते मुद्दाम सांगत नाही. नाव टाकलं की सगळी भांडणं नावावरून सुरू होतात, शिवाय पुढे एक तक्रार पण आहे. १०० वॅटचं हेड (म्हणजे नुसता ॲम्प, स्पीकर वेगळ्या कॅबिनेटमध्ये), शेवटी जोर देणाऱ्या पॉवर ट्यूबा चार ईएल ३४, सुरुवातीचा बारीक सिग्नल वाढवणाऱ्या प्रीॲम्पमध्ये १२एएक्स७ ट्यूबा, क्लीन-क्रंच-लीड असे स्वच्छपासून फाटक्या आवाजापर्यंतचे तीन चॅनल, इफेक्ट जोडायला एफएक्स लूप, मागे १०० आणि ५० वॅटचा स्विच. वजन असं की पहिल्यांदा एकट्याने उचलला आणि दोन दिवस कंबर धरून फिरलो.

येण्याआधीची अवस्था काय सांगू. चाळीस सेकंदांचा एक टीझर होता, तो मी हेडफोन लावून किती वेळा ऐकला असेल देव जाणे, एका कॉर्डच्या शेपटाला येणारा तो गुरगुरता आवाज ऐकून ठरवून टाकलं की हाच. तो आवाज कुठल्या कॅबिनेटमधून, कुठल्या माइकने, किती मोठ्याने वाजवून रेकॉर्ड केलाय हा प्रश्न डोक्यात आलाच नाही. माझा जुना ॲम्प व्यवस्थित चालू होता हो! तो विकून वर भर घालून हा घेतला.

सिग्नेचर म्हटलं की आत काहीतरी गुपित असणार असं आपल्याला वाटतं. खरं बघायला गेलं तर मार्शल कंपनीने पहिला सिग्नेचर ॲम्प १९९६ मध्ये गिटारिस्ट स्लॅशच्या नावाने काढला, ३००० नग, आणि आतलं सर्किट म्हणजे मार्शलचाच १९८७ चा ॲम्प, सिल्व्हर ज्युबिली. आणि मार्शलचा अगदी पहिला ॲम्प, १९६२ चा जेटीएम ४५, तो तरी कुठून आला, फेंडर कंपनीच्या बेसमन ॲम्पच्या सर्किटवरून. सगळ्यात मजेशीर गोष्ट पीव्ही कंपनीच्या ५१५० या ॲम्पची. १९९२ मध्ये गिटारिस्ट एडी व्हॅन हेलनचा म्हणून आला, मग २००४ मध्ये दोघं वेगळे झाले, नाव एडीबरोबर गेलं आणि पीव्हीने तोच ॲम्प ६५०५ म्हणून विकायला सुरुवात केली. मेटलवाल्यांना काडीचा फरक पडला नाही, अजून तोच लागतो त्यांना. हे सगळं मला आधीपासून माहीत होतं बरं का, आणि तरीही मी सहीकडे बघूनच घेतला. माहीत असणं आणि पैसे काढताना ते आठवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिला महिना वाईट गेला. मॅन्युअलमध्ये त्या गिटारिस्टचं स्वतःचं सेटिंग छापलंय, गेन (आवाज किती फाटतो तो नॉब) ८, मिड (मधले सूर) ३, बेस ७, प्रेझेन्स (वरची धार) ६ असं काहीसं. तेच लावलं, मास्टर (एकूण आवाजाचा नॉब) १ च्या खाली, कारण घरात त्याच्या वर नेलं की खिडकीची काच थरथरते. आवाज कसा आला? डब्यात गांधीलमाशी कोंडल्यासारखा. मला वाटलं पीस खराब आलाय. नंतर डोक्यात प्रकाश पडला की तो माणूस हे सेटिंग मास्टर ५-६ ला ठेवून वाजवतो, तिथे पॉवर ट्यूबा आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर पण कामाला लागलेले असतात, स्पीकरचा कागद हलत असतो, माझ्या मास्टर १ ला फक्त प्रीॲम्पचा किरकिराट ऐकू येतो. शिवाय आवाज हळू असला की आपल्या कानाला बेस आणि ट्रेबल कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलंय, म्हणून आपण घरी बेस वाढवतो, मिड कमी करतो, आणि मग तेच सेटिंग बँडमध्ये घेऊन गेलो की वाट लागते.

लागलीच. पहिल्या रिहर्सलला तेच सेटिंग घेऊन गेलो, १०० वॅट, मनातून खूष की आज सगळ्यांचे कान फाटणार. दोन गाणी झाल्यावर आमचा बेसवाला म्हणतो, "अरे तू वाजवतोयस का? मला फक्त भुर्र्र ऐकू येतंय." मी मास्टर वाढवला. ड्रमरने कानात बोळे घातले. तरी बेसवाल्याचं तेच, "आवाज येतोय पण नोट कुठली वाजवतोयस कळत नाही." शेवटी तो उठला, आला, आणि मला न विचारता मिडचा नॉब ३ वरून ७ वर नेला आणि गेन ८ वरून साडेचारवर आणला. मला एकट्याला ऐकताना तो आवाज नाकातून बोलल्यासारखा वाटला, पण गाणं सुरू झालं आणि प्रत्येक नोट समोर. बेस त्याच्या जागेवर, किक त्याच्या जागेवर, मध्ये गिटारला आपली खुर्ची मिळाली. तिथून हा ॲम्प मला आवडायला लागला, सहीवाल्याच्या सेटिंगच्या एकदम उलट्या सेटिंगवर.

५० वॅटच्या स्विचबद्दल बरेच जण विचारतात म्हणून सांगतो. १०० चे ५० केले की आवाज निम्मा होत नाही, फक्त ३ डेसिबल कमी होतो, म्हणजे जेमतेम जाणवेल इतकाच. कानाला निम्मा वाटायला १० वॅटवर यावं लागतं. त्यामुळे "घरासाठी ५० वॅटचा बघतोय" म्हणणाऱ्यांनी जरा थांबा, खिडकी त्यालाही थरथरणार. मी शेवटी ॲटेन्युएटर घेतला, तो ॲम्प आणि स्पीकरच्या मध्ये बसतो, जास्तीची पॉवर खातो आणि चांगला तापतो. थोडा कमी केला तर उत्तम, फार पिळला की आवाज घोंगडीखाली गेल्यासारखा होतो. आणि नवीन ट्यूब ॲम्पवाल्यांनो, कृपा करून स्पीकरची वायर न लावता चालू करू नका, ट्रान्सफॉर्मर जातो, आणि ओमचा सिलेक्टर कॅबिनेटशी जुळवून घ्या. हे मी शंभरदा सांगितलं तरी कमीच आहे.

स्पीकरवर खरं तर वेगळं लिहायला पाहिजे. माझ्या कॅबिनेटमध्ये चार व्हिंटेज ३० होते, चांगले स्पीकर आहेत पण वरच्या मिडला ओरडतात, आणि हा ॲम्प मुळातच तिथे जोरात आहे. एका मित्राकडून दोन जुने ग्रीनबॅक स्पीकर मिळाले ते तिरके बसवले, वर एक खाली एक. ग्रीनबॅक २५ वॅटचेच असतात, चारांत पॉवर सारखी वाटली जाते म्हणजे १०० च्या हेडला हिशोब अगदी काठावर, आणि ट्यूब ॲम्प ताणला की लिहिलेल्या वॅटच्या वर सहज जातो, म्हणून ते बसवल्यापासून मागचा स्विच कायम ५० वर. पण फरक? तिन्ही चॅनलचे सगळे नॉब फिरवून आठवडाभर जे जमलं नव्हतं ते एका स्क्रूड्रायव्हरने अर्ध्या तासात झालं. सिग्नेचर स्पीकरची एवढी हवा कोणी का करत नाही कळत नाही, बहुतेक तो जाळीमागे असतो आणि फोटोत दिसत नाही म्हणून असेल.

आता तक्रार. पाचव्या महिन्यात रिहर्सल चालू असताना आवाज हळूहळू फिका पडायला लागला, मला वाटलं कान थकले. मग जळका वास. मागून डोकावलो तर चारपैकी एका ईएल ३४ च्या आतली राखाडी प्लेट लालबुंद, लोहाराच्या भट्टीतल्या लोखंडासारखी. बाकी तिघींमध्ये नेहमीचा केशरी फिलामेंट दिसतोय आणि ही एकटी पेटलेली. स्टँडबायचा स्विच मारेपर्यंत फ्यूज उडाला. कंपनीला मेल केला तर उत्तर, ट्यूबा वॉरंटीत ९० दिवसांपुरत्याच, आपले ९० दिवस उलटून गेलेत. बरं, ट्यूबचं समजू शकतो. पण ट्यूब का गेली ते बघा म्हटलं तर तीन मेलनंतर पण मला "ऑथोराइज्ड सर्व्हिसकडे पाठवा" एवढंच, पाठवायचा खर्च माझा. एवढ्या महाग वस्तूला ही वागणूक म्हणजे डोकं फिरतं.

शेवटी ओळखीच्या एका टेक्निशियन काकांकडे नेला. त्यांनी आधी मलाच दम दिला की घरी उघडलास का, कारण बंद करून प्लग काढला तरी आतले कपॅसिटर कितीतरी वेळ ४०० व्होल्टच्या वर भरलेले राहू शकतात, हात लागला तर संपलं. मी नाही म्हटलं, खरंच उघडला नव्हता. मग नवा फ्यूज टाकून, तीच ट्यूब लावून मिनिटभर बायस मोजला, म्हणजे काही न वाजवता प्रत्येक ट्यूबमधून किती करंट जातो ते. प्लेटला ४६० व्होल्ट. ईएल ३४ ची प्लेट जास्तीत जास्त २५ वॅट झेलते, त्याच्या ७० टक्के धरायचे म्हणजे साडेसतरा, भागिले ४६०, आले ३८ मिलिॲम्पिअर. तीन ट्यूबा ३६ ते ३९ मध्ये होत्या आणि ती एक ५५ दाखवत होती आणि काटा वर सरकतच होता. "५५ गुणिले ४६० कर," काका म्हणाले. केलं, २५ च्या वर. म्हणजे काही न वाजवता नुसती बसल्या जागी ती मर्यादेच्या पलीकडे होती. बाकी सर्किट ठीक निघालं, ट्यूबच खराब. चार नव्या जुळवलेल्या ट्यूबा, बायस ३५ ला ठेवला, जरा थंड बाजूला, आणि जाता जाता त्यांनी पेन्सिलने एकेक प्रीॲम्प ट्यूबवर टकटक केलं, पहिल्याच ट्यूबची टकटक स्पीकरमधून घंटेसारखी वाजली, तीही बदलली. लीडवर मला जी शिट्टी यायची आणि मी ती गिटारच्या पिकअपच्या नावावर खपवत होतो ती गेली.

मॉडेलरवाले मित्र, म्हणजे ट्यूब ॲम्पची डिजिटल नक्कल करणाऱ्या डब्यावर वाजवणारे, म्हणतात की आता तरी मान्य कर, मॉडेलरच पुरतो. अर्धं मान्य. आमच्या दुसऱ्या गिटारिस्टने माझा ॲम्प आणि त्याचा मॉडेलर असे चार तुकडे रेकॉर्ड करून मला ऐकवले, मी दोन ओळखले, म्हणजे नाणं उडवलं असतं तरी तेवढेच आले असते. रेकॉर्डिंगसाठी हे घेऊ नका, सरळ सांगतो. पण खोलीत उभं राहून वाजवताना, क्रंच चॅनलवर, गिटारचा व्हॉल्यूम ५ ला आणि उजवा हात हलका, तेव्हा तो जवळजवळ क्लीन असतो, आणि तीच तार जरा जोरात छेडली की आवाज मध्येच फाटतो, परत हलका केला की परत गोड. पेडलला हात नाही, चॅनल बदलायचा नाही. मी आता अख्खी रिहर्सल एका चॅनलवर काढतो. लीड चॅनल, ज्याच्यासाठी हा ॲम्प ओळखला जातो आणि ज्याच्यासाठी मी घेतला, तो शेवटचा कधी लावला आठवत नाही.

गेन साडेचार, मिड ७, बेस ४, हे विसरू नये म्हणून मी पॅनलवर मास्किंग टेप लावून पेनने लिहून ठेवलंय. परवा ड्रमर म्हणाला, "नाव झाकलंयस की रे त्याचं." बघितलं तर खरंच, सहीच्या बरोब्बर वर लावलीये. पॅनलवर मोकळी जागा तेवढीच होती.

पुढच्या महिन्यात काकांकडे बायस परत बघायला न्यायचाय. उचलायला दुसरा माणूस शोधतोय.