फीडमधून की गॅव्हाजने? सल्फाइटच्या दोन वर्षांच्या अभ्यासाआधी

बेदाण्याचा पिवळा रंग टिकवायला गंधकाची धुरी देतात आणि त्यातून बेदाण्यात सल्फाइट उतरतं, त्यामुळे एखाद्या प्रिझर्व्हेटिव्हचे दीर्घकालीन दुष्परिणाम उंदरांवर तपासायचे म्हटल्यावर सांगली-तासगावकडच्या विद्यार्थ्याने सल्फाइट निवडलं तर नवल नाही. रॅट, तीन डोस, एक कंट्रोल (डोस न दिलेला गट), प्रत्येक गटात 50 नर आणि 50 माद्या, 24 महिने, हे ठरलेलंच. अडतं ते एका ठिकाणी: फीडमध्ये, म्हणजे खाद्यात, मिसळायचं की नळीने थेट पोटात सोडायचं, म्हणजे गॅव्हाज करायचं?

हिशेबाला गॅव्हाज चोख. जेवढं सिरिंजमध्ये, तेवढं पोटात. फीड मात्र उंदीर निम्मं कुरतडून खाली सांडतात, आणि सल्फाइटचा वास आवडला नाही की खाणंच कमी करतात. मग वजन घटलं ते सल्फाइटने की उपासाने, हा घोळ होतो.

तरी माझं मन गॅव्हाजवरून उडालं. वर्ष उलटल्यावर एखादा उंदीर सकाळी मेलेला सापडतो. उघडून पाहावं तर फुप्फुसं काळपट लाल, श्वासनळीत फेस. नळी चुकली, की पोटातलं उलट वर आलं, की डोसचाच परिणाम? आमच्याकडे यावर तासन्‌तास वाद व्हायचे आणि नोंद शेवटी ‘कारण अनिश्चित’ अशीच पडायची. वर्षभर जपलेलं जनावर असं हिशेबातून जातं, ते फार लागतं.

फीडचीही एक खोच आहे. सल्फाइट खाद्यातलं थायमिन, म्हणजे बी-1, नष्ट करतं. दुर्लक्ष केलं तर आपण सल्फाइट नव्हे, जीवनसत्त्वाचा अभावच तपासत बसतो. 1972 साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या अभ्यासात म्हणूनच दर किलो खाद्यात 50 मिलिग्रॅम थायमिन जादा घातलं होतं. त्यात दर किलो वजनाला रोज 70 मिलिग्रॅम (सल्फर डायऑक्साइडच्या हिशेबात) ही निरुपद्रवी पातळी निघाली; तिला शंभराने भागून माणसासाठी दर किलो वजनाला रोज 0.7 मिलिग्रॅम ही मर्यादा आली, आणि तो डोस खाद्यातूनच दिलेला होता. माणूसही बेदाणे दिवसभरात थोडे थोडेच खातो, एका दमात पोटात ओतून घेत नाही.

पदार्थ फीडमध्ये टिकतच नसेल किंवा उंदीर तोंडच लावत नसतील, तर गॅव्हाजला पर्याय नाही. तेव्हा हात बसलेलाच माणूस नेमा. एरवी मी फीडकडे झुकेन. फक्त एप्रिल-मेच्या सांगलीच्या उकाड्यात महिन्याचं फीड एकदम कालवू नका. थोडं थोडं करा, फ्रीजरमध्ये ठेवा, आणि सल्फाइट व थायमिन दोन्ही उंदरांपुढे ठेवलेल्या खाद्यातून मोजून घ्या.